वाचकांचे प्रश्न : पैशाचा तास आणि शाळेबाहेरचे पाहुणे

शाळेत पैशाचे व्यवहार शिकवताना बाहेरच्या संस्थांची मदत कशी घ्यावी, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

एका बँकेने आमच्या शाळेत येऊन तासाभराचं व्याख्यान द्यायची तयारी दाखवली आहे. मुलांना पेन्सिली, पट्ट्या वाटणार आणि खाती उघडण्याचे अर्जही सोबत आणणार. शाळेला खर्च काहीच नाही. नकार द्यायला कारण दिसत नाही, तरी मन कचरतं. काय करावं?
— मुख्याध्यापक, माध्यमिक शाळा

व्याख्यानाला हो म्हणा, अर्जांना नाही. व्याख्यानसुद्धा तुमच्या अटींवर.

शिकवणं आणि गिऱ्हाईक मिळवणं ही दोन कामं एकाच तासात आली की दुसरं पहिल्याला गिळतं. याचा दीर्घ अनुभव ऑस्ट्रेलियाला आहे. तिथल्या कॉमनवेल्थ बँकेची शालेय बचत योजना 1931 पासून चालू होती. पिढ्यान् पिढ्या मुलांची पहिली खाती तिथेच उघडली. डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या सिक्युरिटीज अँड इन्व्हेस्टमेंट्स कमिशनने, म्हणजे वित्तीय व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा सगळ्या योजनांचा आढावा प्रसिद्ध केला. निष्कर्ष असे निघाले: या योजनांमुळे मुलांची बचतीची सवय सुधारते हे योजना चालवणाऱ्यांना दाखवता आलं नाही, शाळांना मिळणाऱ्या मोबदल्यामुळे जास्तीत जास्त मुलं योजनेत आणण्याची ओढ शाळांनाच लागते, लहान मुलांना जाहिरात आणि शिकवणी यांतला फरक कळत नसताना त्यांच्यासमोर सराईत जाहिरातबाजी होते, आणि नवे ग्राहक मिळवणं हाही योजनेचा हेतू आहे, हे पालकांना पुरेसं स्पष्ट सांगितलं जात नाही. व्हिक्टोरिया राज्याने 2021 च्या शैक्षणिक वर्षापासून सरकारी शाळांतल्या अशा योजना बंदच केल्या. बदमाशीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी योजनेची रचनाच तशी होती. तुमच्याकडे येणारे अधिकारीही बहुधा सज्जनच असतील. पण वर्षअखेरीला त्यांच्या वरिष्ठांनी ‘खाती किती उघडली’ असं विचारलं की सज्जनपणाला मर्यादा पडते.

तेव्हा एका पानाचा लेखी करार करा. विषय आणि पाठाचा आराखडा शाळा ठरवेल. दाखवायच्या स्लाइड आणि वाटायचे कागद किमान दहा दिवस आधी शाळेकडे येतील. कुठल्याही योजनेचं, कार्डाचं, ॲपचं नाव घेतलं जाणार नाही. संस्थेचा उल्लेख पाहुण्यांची ओळख करून देताना एकदाच होईल. मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे फोन नंबर, फोटो यांतलं काहीही दिलं जाणार नाही. वर्गशिक्षक पूर्ण वेळ वर्गात राहतील. खात्यांच्या किंवा ठेवींच्या संख्येशी जोडलेला कोणताही मोबदला शाळा घेणार नाही. महिनाभर आधी कळवून कोणालाही बाहेर पडता येईल आणि तोवर तयार झालेलं साहित्य शाळेकडे राहील. हे शेवटचं कलम लोक विसरतात. मग दोन वर्षांनी संस्था गेली की तिच्यासोबत पाठही जातात.

गडबड बहुतेक वेळा स्लाइडच्या बाबतीत होते. त्या आदल्या रात्री येतात, त्यात अर्ध्याहून जास्त संस्थेचा इतिहास असतो आणि मग ‘आता ऐनवेळी कसं नाही म्हणायचं’ म्हणून चालवून घेतलं जातं. दहा दिवसांची मुदत चुकली तर कार्यक्रम पुढे जाईल, असं करारातच लिहा. दुसरं म्हणजे सगळ्या इयत्ता सभागृहात कोंबून एकच व्याख्यान उरकू नका. त्यातून फोटो चांगला येतो, एवढंच. एका वेळी एक वर्ग घ्या आणि पाहुण्यांचा तास तीन तासांच्या मधला ठेवा: आदल्या तासाला शिक्षक शब्द आणि आकडेमोड करून घेतील, मधल्या तासाला पाहुणे येतील, नंतरच्या तासाला मुलं त्याच विषयावरचा एखादा निर्णय स्वतः घेतील आणि तो का घेतला ते लिहितील.

बँक या अटी मानायला तयार नसेल, तर तिला काय हवं होतं ते तुम्हाला फुकटात कळलं.

मी आठवी-नववीला गणित शिकवते. हा विषय माझ्याकडे दिला आहे. खरं सांगायचं तर कर्जाचं व्याज प्रत्यक्षात कसं लावतात हे मलाच नीट ठाऊक नाही. आजूबाजूला मोठी संस्थाही नाही. भागीदार कोणाला करू आणि त्यांच्याकडून काय घेऊ?
— गणित शिक्षिका

मोठी संस्था नाही याची खंत करू नका. आणि भागीदाराकडून पहिली मागणी मुलांसाठी व्याख्यानाची नकोच. ती तुमच्या स्वतःच्या प्रशिक्षणाची असू दे. पाहुणा वर्षातून एकदा येतो, तुम्ही वर्गात रोज असता. दोन-दोन तासांच्या तीन बैठका तुम्हाला आणि आणखी एखाद्या शिक्षकाला मिळाल्या, तर त्याचा उपयोग पाच-सात वर्षं होत राहतो.

कोणाकडे जायचं हे संस्थेच्या नावावरून ठरवू नका, त्यांच्याकडे कोणता कागद असतो यावरून ठरवा. पतपेढी किंवा बँकेकडे कर्जखात्याचा उतारा असतो. कारखान्याच्या किंवा कार्यालयाच्या लेखा विभागात पगारपत्रक असतं, त्यात एकूण पगार आणि हातात पडणारा पगार यांतला फरक दिसतो. हिशेबनीसाकडे छोट्या धंद्याची रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही असते. विमा कंपनीकडे पॉलिसीची प्रत असते. त्यात काय भरून मिळत नाही याची यादी बारीक अक्षरांत असते आणि वर्गात वाचायची ती तीच. ग्राहक संघटनेकडे फसवणुकीच्या तक्रारी असतात. वाचनालयाकडे जागा असते आणि संध्याकाळी पालकांना बोलावता येतं. प्रत्येकाकडून नावं, खाते क्रमांक, पत्ते काळ्या शाईने पूर्ण झाकलेली एक खरी प्रत मागा. नुसत्या पेनाने खोडलेला क्रमांक उजेडात धरला की वाचता येतो. म्हणून झाकलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढून तीच वापरा.

व्याजाची सुरुवात या एका उदाहरणाने करा. चलन कुठलंही धरा. 12,000 चं कर्ज, मुदत 12 महिने, दर ‘वर्षाला 12 टक्के’. देणारे दोघे आहेत.

पहिला फ्लॅट दराने देतो. म्हणजे पूर्ण 12,000 वर वर्षभराचं 12 टक्के व्याज आधीच काढतो: 1,440. मुद्दल अधिक व्याज 13,440, भागिले 12, हप्ता 1,120.

दुसरा घटत्या शिल्लकीवर व्याज लावतो. दर महिन्याला जेवढं मुद्दल बाकी असेल त्यावरच 1 टक्का. इथे हप्ता साधारण 1,066 पडतो आणि वर्षभरात एकूण व्याज जेमतेम 794.

दर एकच सांगितला, व्याज जवळपास दुप्पट. असं का, हे मुलांना सूत्राशिवाय समजावता येतं. पहिल्या कर्जात दर महिन्याला 1,000 मुद्दल परत जातं. म्हणजे पहिल्या महिन्यात कर्जदाराकडे 12,000 असतात, शेवटच्या महिन्यात फक्त 1,000. सरासरी काढली तर वर्षभर त्याच्याकडे 6,500 होते. 6,500 वर 1,440 व्याज म्हणजे सुमारे 22 टक्के. काटेकोर हिशेब केला तर साडेएकवीसच्या आसपास येतो, पण आठवीला सरासरीची पद्धत पुरते आणि ती डोक्यात राहते. आता यात 2 टक्के प्रक्रिया शुल्क आधीच कापून घ्या: हातात 11,760 आले, हप्ता तोच 1,120. खरा दर 25 टक्क्यांच्या पुढे गेला. पाटीवर मात्र अजूनही ‘12 टक्के’च लिहिलेलं आहे.

हा पाठ आधी तुम्ही पतपेढीच्या माणसासमोर बसून करा. दोन प्रश्न त्यांना विचारून ठेवा, कारण मुलं ते विचारतातच: हप्ता एक दिवस उशिरा भरला तर नेमकं काय होतं, आणि कर्ज सहाव्या महिन्यातच फेडलं तर व्याज परत मिळतं का. उत्तर करारनाम्यात कुठे लिहिलेलं असतं ते त्यांच्याकडून बोट ठेवून घ्या. वर्गात चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. शिक्षक तोंडी उत्तर देतात, आणि करारनाम्यात काहीतरी वेगळंच असतं.

वार्षिक आणि मासिक दरांची गल्लतही ठरलेली. ‘महिन्याला फक्त 3 टक्के’ ऐकून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ते 12 पेक्षा स्वस्त वाटतं. दोन्ही फळ्यावर शेजारी लिहा: 3 गुणिले 12, सरळ 36. व्याजावर व्याज धरलं तर 42 पेक्षा जास्त.

एका ॲप कंपनीने आंतरशालेय ‘शेअर बाजार स्पर्धा’ सुचवली आहे. खोटे पैसे, आठ आठवडे, सर्वांत जास्त नफा करणारा संघ विजयी. मुलं उत्साहात आहेत. घ्यावी का?
— शाळा समितीचे सदस्य

आहे तशी घेऊ नका. खोट्या पैशाच्या खेळावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आठ आठवड्यांवर आणि विजेता ठरवण्याच्या पद्धतीवर आहे.

चाळीस संघ आहेत असं धरा. ज्यांनी पैसे दहा कंपन्यांत विभागले ते बहुतेक मधे कुठेतरी राहतील. ज्यांनी सगळे पैसे एकाच शेअरमध्ये घातले त्यांतले काही तळाला जातील आणि एखादा पहिला येईल. बक्षीस त्याला मिळेल. म्हणजे शहाणपणाने वागलेल्या संघाचा पराभव आणि जुगार लागलेल्याला टाळ्या. शिकवण बरोबर उलटी. खोटे पैसे बुडाले तर दुखत नाही, ही त्यात आणखी भर.

मुलांचा उत्साह वाया घालवू नका, स्पर्धा बदला. चालू भावांऐवजी जुन्या दहा वर्षांचे आकडे घ्या आणि एका तासाला एक वर्ष पुढे सरका. कंपन्यांची खरी नावं झाकून त्यांना अ, ब, क म्हणा, नाहीतर मुलं फोनवर उत्तर शोधून आणतात. त्या दहा वर्षांत किमान एक मोठी पडझड असायला हवी. नसली तर दुसरा कालखंड निवडा. गुण असे द्या: 100 पैकी 40 खरेदीच्या आधी लिहिलेल्या कारणाला, 30 एका कंपनीत पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पैसे न घालण्याचा नियम पाळल्याबद्दल, 30 शेवटी आपला परतावा बाजाराच्या निर्देशांकाशी ताडून लिहिलेल्या अर्ध्या पानाला. नफ्याला गुण नाहीत. दर व्यवहाराला थोडं शुल्क मात्र कापा. सारखी खरेदी-विक्री करणाऱ्यांना ते लवकरच जाणवतं.

शुल्कावरून एक आकडेमोड जरूर करून घ्या. वर्षाला 7 टक्क्यांनी 30 वर्षांत एकाचे सुमारे 7.6 होतात. यातला 1 टक्का दरवर्षी शुल्कात गेला, म्हणजे 6 टक्केच मिळाले, तर 5.7. एका टक्क्याने शेवटच्या रकमेचा जवळपास चौथा हिस्सा खाल्ला. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. बहुतेक जण 30 वर्षांना 30 टक्के किंवा नुसता एक टक्का म्हणतात.

कंपनीचं ॲप मुलांच्या किंवा पालकांच्या फोनवर उतरवायची अट असेल तर तिथेच थांबा. हा खेळ कागदावर आणि एका स्प्रेडशीटवर उत्तम चालतो.

शाळेत ‘बचत बँक’ सुरू करायचा विचार आहे. मुलं आठवड्याला थोडे पैसे आणतील, आम्ही नोंद ठेवू. यात काय काळजी घ्यावी?
— प्राथमिक शाळेतील शिक्षक

आधी कायद्याचं. बऱ्याच देशांत लोकांच्या ठेवी स्वीकारायला परवाना लागतो. शाळेने स्वतः बँक होऊ नये. खातं एखाद्या परवानाधारक संस्थेत असावं आणि शाळा फक्त गोळा करून भरण्याची जागा असावी, तेही शिक्षण खात्याला लेखी विचारून. पहिल्या उत्तरातले करारातले मुद्दे इथेही लागू.

मग रोख रकमेचं. बचत बँका बुडतात त्या चोरीपेक्षा ‘उद्या लिहू’ या दोन शब्दांनी जास्त. पैसे घेणारा, नोंद करणारा आणि भरणा करणारा एकच माणूस असेल तर सुरूच करू नका. किमान दोन प्रौढ हवेत. मुलासमोर पैसे मोजायचे, त्याच्या पासबुकात रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहायची, सही तिथल्या तिथे. त्याच वेळी दुसऱ्याने नोंदवहीत लिहायचं. शेवटी तीन बेरजा जुळायला हव्यात: पिशवीतली रोकड, नोंदवही आणि त्या दिवशीच्या पासबुकांतल्या नोंदी. फरक कितीही छोटा असो, कोणी खिशातून भरून मिटवायचा नाही. तो लिहून ठेवायचा आणि शोधायचा. रोकड रात्रभर शाळेत ठेवायची नाही. महिन्यातून एकदा या कामात नसलेल्या व्यक्तीने कोणतीही पाच पासबुकं काढून नोंदवहीशी ताडायची. पैसे काढायचा दिवसही आधीच जाहीर करा. टाकता येतात पण काढता येत नाहीत अशी बँक मुलांना बरोबर संशयास्पद वाटते.

‘सर्वाधिक बचत करणारा विद्यार्थी’ असा तक्ता भिंतीवर लावू नका. त्यावर मुलाची नव्हे, घरची मिळकत दिसते. काही मुलं मागे पडू नये म्हणून घरात हट्ट धरतात, काही शाळेत यायचंच टाळतात.

अपेक्षाही बेताची ठेवा. घानामधल्या प्राथमिक आणि कनिष्ठ माध्यमिक शाळांत कुलूपबंद पेटी असलेली बचत मंडळं चालवून त्याचा रीतसर प्रयोग झाला. नऊ महिन्यांनी बचतीच्या वागण्यात फरक दिसला, पण तो मुख्यतः मुलांनी घरची बचत शाळेच्या पेटीत हलवल्यामुळे. बाकी फारसं काही बदललेलं आढळलं नाही. म्हणजे पेटीतली रक्कम वाढणं हा यशाचा पुरावा नाही.

दोन प्रौढ मिळत नसतील तर टोकनची वर्गबँक करा. फळा पुसणं, पुस्तकं लावणं अशा कामांचं टोकनमध्ये वेतन, बाकाचं भाडं, हरवलेल्या पेन्सिलीचा अचानक खर्च, महिन्याला एक ‘आजारपण’ चिठ्ठी काढून. पहिल्या महिन्यात हटकून महागाई होते, कारण शिक्षक कौतुकाने टोकन वाटत सुटतात आणि मग कोणालाच त्यांची किंमत राहत नाही. होऊ द्या. त्यावर एक तास घ्या आणि दुसऱ्या महिन्यापासून एकूण टोकन ठरवून टाका.

मुलीला ‘घरच्या महिन्याच्या मिळकतीची आणि खर्चाची यादी आणा’ असा गृहपाठ दिला. तो शाळेतल्या एका संस्थेच्या उपक्रमाचा भाग होता. आम्हाला हे योग्य वाटलं नाही. आमचं चुकतंय का?
— एक पालक

तुमचं काही चुकत नाही. घरचे आकडे शाळेने मागू नयेत, बाहेरच्या संस्थेने तर नाहीच. ते आकडे शेवटी कोणाच्या हाती जातात हे वर्गशिक्षकांनाही ठाऊक नसतं. मुख्याध्यापकांना लिहून विचारा: ही माहिती कुठे ठेवली जाते, आधी दिलेले कागद परत मिळतील का.

आणि सोबत पर्यायही सुचवा, म्हणजे तक्रार तक्रारीवर थांबत नाही. तीन कागदी कुटुंबं तयार करावीत: एक ठरलेल्या पगाराचं, एक हंगामी मिळकतीचं, ज्यात चार महिने जवळजवळ काहीच येत नाही, आणि एक कर्ज फेडणारं. मुलांनी त्यांचं अंदाजपत्रक करावं. दुसरं कुटुंब सर्वांत उपयोगी. सगळी ठरावीक अंदाजपत्रकं दर महिन्याला तेवढेच पैसे येतात असं धरून चालतात आणि असंख्य घरांत ते खरं नसतं. तिथे महिन्याचं अंदाजपत्रक चालत नाही, वर्षाचं करावं लागतं आणि चांगल्या महिन्यातून कोरड्या महिन्यांसाठी बाजूला काढावं लागतं.

आमचा ट्रस्ट तीन वर्षं शाळांतल्या आर्थिक शिक्षणाला पैसे देतो. ‘इतक्या हजार मुलांपर्यंत पोहोचलो’ असा अहवाल येतो. मुलांना त्यातून काही मिळालं का, हे कसं ओळखायचं?
— एका ट्रस्टचे विश्वस्त

पोहोचलेल्या मुलांची संख्या म्हणजे हजेरीपट. तुम्ही तीन वर्षं हजेरीचे पैसे देत आहात.

या शिक्षणाचा उपयोग होतो की नाही यावर अभ्यासकांतच बराच काळ वाद होता. 2014 मध्ये फर्नांडिस, लिंच आणि नेटमायर यांनी जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी केली आणि परिणाम अगदी किरकोळ निघाला. बरेच तास शिकवूनही 20 महिन्यांनंतर वागण्यात फरक दिसत नव्हता. 2022 मध्ये कायझर, लुसार्डी, मेंखॉफ आणि अर्बन यांनी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या 76 प्रयोगांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांत ज्ञान आणि वागणं दोन्हींवर परिणाम दिसला, आणि तो भराभर विरतो असाही पुरावा मिळाला नाही. सबब उपयोग होऊ शकतो, पण तुमच्या उपक्रमाचा होतोय का हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

काय मोजायचं ते ब्राझीलवरून शिकण्यासारखं आहे. तिथे 892 माध्यमिक शाळा आणि सुमारे 25,000 विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. मुलांचं ज्ञान वाढलं, बचत आणि हिशेब ठेवणं सुधारलं, पालकांच्या वागण्यातही फरक पडला. पण त्याच मुलांमध्ये क्रेडिट कार्ड आणि हप्त्यांवर खरेदीही वाढली. नुसतं ज्ञान किंवा नुसती बचत मोजली असती तर हे दिसलंच नसतं. तुमच्या प्रश्नावलीत उधारीविषयी प्रश्न असलाच पाहिजे.

प्रत्यक्षात असं करा. सहा छोटे निर्णय निवडा, व्याख्या विचारू नका. ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेच्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत 2012 पासून पंधरा वर्षांच्या मुलांची आर्थिक समज तपासतात आणि तिथले काही प्रश्न सर्वांसाठी खुले आहेत. त्यातला एक नमुना म्हणून पाहा: कपड्यांच्या बिलात दोनऐवजी तीन टी-शर्ट लावले आहेत, कपड्यांच्या किमतीवर कर आहे, टपालखर्च ठरलेला आहे, नवं एकूण बिल किती? शर्टाची किंमत वजा करून मोकळी होणारी मुलं चुकतात, कारण कर नव्याने काढावा लागतो. टपालखर्चही कमी करणारी मुलं चुकतात, कारण तो बदलत नाही. कोण कुठे चुकलं यावरून पुढचा पाठ ठरतो. व्याख्या पाठ आहे की नाही यातून काहीच ठरत नाही.

हेच सहा निर्णय आकडे बदलून उपक्रमाच्या आधी, संपल्यावर लगेच आणि तीन महिन्यांनी द्या. तिसरी फेरी महत्त्वाची. तिचे पैसे अनुदानात वेगळे धरा, नाहीतर ती कधीच होत नाही. दोन तुकड्या असतील तर चिठ्ठी टाकून एकीला पहिल्या सत्रात शिकवा, दुसरीला दुसऱ्या सत्रात. पहिल्या सत्राअखेर दोघींची तुलना करता येते आणि कुणी वंचितही राहत नाही. कोणती तुकडी आधी हे शिक्षकांना निवडू देऊ नका. ते हुशार तुकडी आधी घेतात, हा मनुष्यस्वभाव आहे. तपासणारा माणूस उपक्रम राबवणाऱ्या संस्थेचा नसावा.

आकडे वाईट आले तर पैसे लगेच थांबवू नका. एकदा तसं केलंत की पुढच्या वर्षी सगळे आकडे चांगलेच येतील.

मी लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालो. शाळेत जाऊन शिकवायची इच्छा आहे. तयारी काय करावी?
— एक निवृत्त वाचक

बोलण्याची तयारी कमी करा. सलग बारा ते पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. उरलेला वेळ मुलांच्या हातात कागद असू दे. एका भेटीत एकच गोष्ट. तुमच्या पेशाला साजेसा पाठ म्हणजे चुका असलेली रोजकीर्द: एका पानावर दहा नोंदी, त्यांत तीन चुका (एक बेरजेची, एक दोनदा लिहिलेली, एक तारखेची), आणि मुलांनी जोडीने त्या शोधायच्या. एखाद्या वर्गाला चौथी चूक सापडते. ती तुमची असते. ती उघडपणे मान्य केलीत की तासाचा नूर बदलतो.

शाळेच्या बालसुरक्षेच्या नियमांवर आधी सही करा, आणि कोणत्याही मुलासोबत एकटं थांबू नका, वर्ग आवरतानासुद्धा. कुठे पैसे गुंतवावेत हे कोणी विचारलं, मग ते शिक्षक असोत की पालक, तर तिथे सल्ला देऊ नका. ‘काटकसर केली असती तर गरिबी आली नसती’ छापाची वाक्यं टाळा. समोर बसलेल्या काहींच्या घरी काटकसर करायलाही काही उरत नसतं. एखाद्या मुलाने घरी वसुलीसाठी माणसं येतात असं सांगितलं, तर उपाय सुचवायला जाऊ नका. ऐकून घ्या आणि त्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला.

मुलं तुमचा पगार किती होता हे नक्की विचारतील. आकडा सांगू नका, विषयही टाळू नका. फळ्यावर 100 लिहा आणि त्यातले किती करात, किती घरभाड्यात, किती मुलांच्या शिक्षणात गेले आणि किती मागे पडले ते मांडा. वय 25, 40 आणि 58, असे तीन रकाने शेजारी शेजारी.